नव्या गाडीला कॅरिअर आणि सीट: गावाकडच्या माणसाने काय पाहून घ्यायचं

दसरा आला, अक्षय तृतीया आली, नाही तर कापसाचे पैसे हातात पडले की आपल्या इकडे विदर्भात नव्या मोटरसायकली निघतात. आणि गाडी शोरूमच्या बाहेर यायच्या आधीच तिथला पोरगा एक कागद पुढे करतो, त्यात कॅरिअर, सीट कव्हर, लेग गार्ड, साडीगार्ड, ग्रिप कव्हर सगळं एकाखाली एक लिहून असते न खाली एकच आकडा. गाडीला हार घातलेला, घरचे फोटो काढून राहिले, मागे पेढ्याचा डबा फिरून राहिला, अशा वेळी माणूस हो म्हणून टाकतो. तर त्या दिवशी फक्त तीन गोष्टी पाहा: मागे बसणाऱ्याला धरायला पकड आहे का, पाय ठेवायला फुटरेस्ट आहे का आणि मागच्या चाकावर साडीगार्ड आहे का. हे तिन्ही हौसेचं सामान नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे गाडीवर असलंच पाह्यजे. बाकी सगळ्याला सांगा, नंतर पाहू.

पहिले पाहा, मागे काय जाते न कोण बसते

पंधरा दिवस गाडी जशी आली तशीच चालवा आणि नुसतं ध्यान ठेवा. सकाळी डेअरीवर दूध जाते का, आठवडी बाजाराला भाजीचं कॅरेट जाते का, वावरात फवारणी पंप न औषध न्यावं लागते का नुसता डबा न विळा. माणसांचं बी तसंच. बायको साडीवर एका बाजूला पाय टाकून बसते का ड्रेसवर दोन्हीकडे, म्हातारीला महिन्यातून दवाखान्यात न्यावं लागते का, शाळेचं लेकरू आहे का.

ज्याच्या मागे रोज माणूस बसणार त्याने आधी सीटवर पैसे लावावे. ज्याचं दूध आहे त्याने कॅरिअरवर. ज्याला दोन्ही पाह्यजे त्याने असं साइडचं कॅरिअर पाहावं की जे सीटच्या जागेला हात लावत नाही. पण वर्षातून एकदा तुरीचे दोन कट्टे न्यायचे म्हणून बाराही महिने लोखंडाचा पिंजरा घेऊन फिरण्यात काही अर्थ नाही भाऊ, त्या दिवशी मालाचा ऑटो सांगा, स्वस्त पडते.

मंग वजनाचा हिशोब

गाडीसोबत एक पुस्तक येते, जे आपण पॉलिथिनमधून काढत बी नाही, त्यात गाडीवर जास्तीत जास्त किती वजन टाकता येते ते लिहून असते. १००-११० सीसीच्या रोजच्या गाड्यांत हा आकडा साधारण १३० किलोच्या आसपास राहते, तुमच्या गाडीचा नेमका पुस्तकातच पाहा. यात चालवणारा आला, मागचा आला, सामान आलं, आणि तुम्ही नंतर लावलेलं कॅरिअर सुद्धा आलं, हे लोक विसरतात.

आता मांडा. चालवणारा ६५ किलो, मागे बसणारी ५५, झाले १२०. राहिले १०. लोखंडी कॅरिअरच आठ किलोचं असलं तर सामानाला उरले दोन, म्हणजे भाजीची एक थैली. एकटे जात असाल तर युरियाची ४५ किलोची बॅग हिशोबात बसते, डीएपीची ५० ची बी बसते. दोन बॅगा बसत नाहीत. ठेवता येतात, बांधता येतात, रोज रस्त्यानं दिसून बी राहिल्या, पण हिशोबात नाहीत.

बजाजच्या सीटी ११०एक्स या गाडीला कंपनीनंच मागे कॅरिअर दिलं होतं आणि त्याची क्षमता सांगितली होती ७ किलो. सात फक्त. सीटच्या मागे बाहेर निघालेल्या जाळीवर किती टाकावं याचा कंपनीचा स्वतःचा अंदाज हा आहे, आणि आपण तिथे सिलेंडर ठेवतो.

वेल्डिंगवाला तुम्हाला म्हणणार, टाका दोन क्विंटल, काही होत नाही. त्याचं खरं आहे, त्याच्या कॅरिअरला काहीच होणार नाही. कॅरिअर मजबूत केल्यानं गाडी मजबूत होत नाही, चेसिस तीच, शॉकअप तेच, स्पोक तेच न मागचा ड्रम ब्रेक तोच, आणि जितकं भारी कॅरिअर तितका माणसाचा हात सैल सुटतो. माझं म्हणणं सगळं यावरच आहे: कॅरिअर किती उचलते हे विचारू नका, ओझं कुठे बसते ते विचारा.

ओझं कुठे बसते

बैलगाडी मागून उलार झाली की जू वर उचलते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, मोटरसायकलचं एक्झॅक्ट तेच आहे, फक्त इथे जू म्हणजे पुढचं चाक न हँडल. स्प्लेंडरच्या दोन चाकांमधलं अंतर १२३६ मिलिमीटर आहे. समजा ४० किलोचं ओझं तुम्ही मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांडीच्या, एक फूटभर मागे ठेवलं, तर मागच्या चाकावर ४० नाही तर जवळपास ५० किलो वाढते आणि पुढच्या चाकावरचं १० किलोच्या घरात कमी होते. तेच ४० किलो बरोब्बर एक्सलच्या वर आलं तर पुढच्या चाकाचं काही जात नाही, आणि एक्सलच्या पुढे, म्हणजे मागच्या माणसाच्या पायाजवळ आलं तर उलट पुढच्या चाकावर थोडं वजन येते.

पुढचं चाक हलकं झालं की काय होते? सपाट रस्त्यानं हळू जाताना काहीच कळत नाही. पन्नासच्या वर गेले की हँडल हातात डुलते, गिट्टीच्या रस्त्यावर वळताना पुढचं चाक सरकते, आणि चढ लागला की मंग समजते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मागे माणूस, त्याच्याही मागे जाळीवर बॅग, अशा गाडीचं हँडल वळणावर किती हलकं लागते ते ज्याने चालवली त्याला विचारा. पुढचा ब्रेक बी तेवढाच कमजोर पडते कारण चाकावर दाबच नाही.

आता गावातल्या जुन्या दूधवाल्याची गाडी एकदा जवळून पाहा, उभं राहून पाहा. त्याची फ्रेम सीटच्या मागे निघालेली नसते, सीटच्या दोन्ही बाजूला खाली उतरलेली असते. वरून ती शॉकअपच्या वरच्या बोल्टला धरलेली, खालून मागच्या फुटरेस्टच्या जागी. कॅनचं बूड जवळपास एक्सलच्या लेव्हलला येते, आणि कॅन एक्सलच्या थोडं पुढेच लटकते. जिथे कॅन फ्रेमला घासते तिथे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. दोन्हीकडे सारखा कॅन, आणि एकीकडचा रिकामा झाला की तो दुसऱ्यातलं दूध वाटून दोन्हीकडे सारखं करतो, काऊन की एका बाजूनं २० लिटरचा भरला कॅन म्हणजे कॅनचं वजन धरून वीस किलोच्या वर जाते आणि गाडी पूर्ण रस्ता तिरपी ओढते. कोणत्या इंजिनिअरनं नाही सांगितलं त्याला, रोजच्या कामातून आलं ते. तुम्हाला दूध न्यायचं नसलं तरी ओझ्याची जागा त्याच्याकडून शिका: खाली, पुढे, न दोन्हीकडे सारखं.

कोणतं कॅरिअर

सीटच्या मागची जाळी, जी धरायच्या दांडीच्या जागी बसते. हिच्यावर रेनकोट, डबा, हेल्मेट, शाळेची बॅग. बस एवढंच. ही घेताना पाहा की मागे बसणाऱ्याला धरायला दांडी शिल्लक राहते का, कारण बऱ्याच जाळ्या धरायची दांडी काढूनच बसवतात न मंग म्हातारी धरणार काय, तुमचा शर्ट.

साइडचं कॅरिअर म्हणजे दूधवाल्याचं, नाही तर त्याचाच हलका भाऊ, एका बाजूनं लावायची फोल्डिंगची फ्रेम. बाजार, वावर, भाजी, पंप, या सगळ्याला हेच बरं. फोल्डिंगचं असलं तर बिजागरीचा खुट्टा जाड पाह्यजे आणि त्यात पिन पाह्यजे, नाही तर खड्ड्यात ते खडखड वाजून वाजून डोकं उठवते.

फायबरची डिक्की साइडला लावतात, कागदपत्र न टूल ठेवायला ठीक आहे. मोठा डबा मागे लावायचा असला, म्हणजे भाजी विकणारे, पाववाले, कुरिअरवाले जे लावतात, तर त्याचं माप ठरलेलं आहे: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५०० च्या वर नको, केंद्रानं २०२० साली हा नियम आणला. आणि तो डबा मागच्या माणसाच्या जागेवर बसवला तर मागे माणूस बसवता येत नाही, डबा त्याच्या मागे असला तरच चालते. डब्याची ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन जा.

टाकीवर पिशवी ठेवायची सवय असते लोकांना, चार-पाच किलोपर्यंत वजनाच्या दृष्टीनं ती जागा उलट चांगली आहे, फक्त हँडल दोन्हीकडे पूर्ण वळते का पाहा. हँडललाच पिशव्या लटकवणं मात्र बंद करा, ती पिशवी एक दिवस पुढच्या चाकात जाते.

बनवून घेत असाल तर

रेडिमेड घेतलं तर तुमच्याच मॉडेलचं घ्या, "बसून जाईल" म्हणणाऱ्याकडून नको, कारण बसवताना तो वाकवते, वाकवलं की पावडर कोटिंग तडकते न पहिल्याच पावसाळ्यात तिथून जंग. पण खरं सांगायचं तर तालुक्याच्या ठिकाणी वेल्डिंगवाल्याकडून बनवलेलं कॅरिअर रेडिमेडपेक्षा चांगलं निघू शकते, अट एकच, तुम्ही तिथे उभं राहायचं.

पाऊण इंची गोल पाइप, सोळा गेज, रोजच्या कामाला पुरते (गेजचा आकडा वाढला की पाइप पातळ). अठरा गेज हलकी पडते, दुधाला तर नकोच. चौकोनी पाइप आणि अँगल घेऊ नका, त्याचे कोपरे मागच्याच्या पिंडरीला लागतात न गाडी पडली तर माणसाला लागतात. पाइपाची तोंडं वेल्डिंग मारून बंद करायला लावा, उघडी राहिली की आत पाणी जाते न पाइप आतून सडते, बाहेरून रंग चकचक दिसून राहते. वेल्डिंग घासून गुळगुळीत झालं का यावर बोट फिरवून पाहा. मंग रेड ऑक्साइड, म्हणजे जंग थांबवणारा लाल प्रायमर, त्याच्यावर रंग.

आणि ही गोष्ट ठासून सांगतो. गाडीवर वेल्डिंग करू देऊ नका. माप गाडीवर घ्यायचं, टाका मारायचा तर कॅरिअर उतरवून खाली मारायचा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला न फ्युएल इंजेक्शन आलं, त्याला ईसीयू म्हणजे छोटा कॉम्प्युटर आहे, वेल्डिंगचा करंट गाडीतून फिरला तर तो जाऊ शकते आणि त्याचा खर्च कॅरिअरच्या कित्येक पट आहे. जुना मिस्त्री म्हणेल आम्ही वर्षानुवर्षे असंच करून राहिलो, त्याच्या वेळच्या गाड्या वेगळ्या होत्या. अगदीच गाडीवर टाका मारणं आलं तर बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. चेसिसला मात्र टाका कोणत्याच हिशोबानं नको, तिथलं लोखंड कमजोर होते आणि वॉरंटीचं भांडण वेगळं.

बसवताना कंपनीचे जे बोल्ट आहेत त्याच भोकात कॅरिअरची पट्टी येते, म्हणजे मधात पट्टीची जाडी वाढली न बोल्ट तेवढाच कमी आत गेला. तेवढा लांब बोल्ट नवा घ्या, स्प्रिंग वॉशर टाका, नट नायलॉनवाला घ्या. दोन-तीन रुपयांच्या या गोष्टी आहेत पण बसवणारा सांगितल्याशिवाय टाकत नाही.

मंग सगळं बसल्यावर निघू नका. दोन धडधाकट माणसं मागच्या सीटवर बसवा आणि जोरानं दाबायला सांगा, तुम्ही खाली बसून पाहा. चाक कुठे घासते का, चेन कव्हरला फ्रेम लागते का. उजवीकडे सायलेन्सरपासून चांगलं चार-पाच बोट अंतर पाह्यजे, चुंगडी, म्हणजे पोतं, लटकून सायलेन्सरला लागली की आधी वास येतो न मंग भोक पडते. किक पूर्ण मारून पाहा, टाच फ्रेमला आपटते का. साडीगार्ड काढायला लावलं तर सरळ नाही म्हणा. मेन स्टँड लागते का पाहा. सीट उघडते का पाहा, हे फार जणांचं राहून जाते, टूल किंवा बॅटरी सीटखाली असते न रस्त्यात काम पडलं की आधी कॅरिअरचे चार बोल्ट खोला. नंबर प्लेट, मागचा लाइट, इंडिकेटर मागे दहा पावलं जाऊन उभं राहून पाहा, आणि हे सामान लादून पाहायचं, रिकाम्या गाडीवर सगळंच दिसते.

आपल्या काळ्या मातीचं एक वेगळं गणित आहे. पांदणीनं जून-जुलैत गाडी नेली की चिखल चाकाला गुंडाळून मडगार्डमध्ये भरते, चाक फिरत नाही. फ्रेमचा खालचा पाइप चाकाच्या फार जवळ असला तर तिथे बी गोळा बसते, म्हणून दोन बोट जास्तीची जागा सोडा. आणि साइड स्टँड ओल्या वावरात रुतते, भरली गाडी हमखास डावीकडे पडते. स्टँडच्या पायाला तळहाताएवढी पट्टी त्याच वेल्डिंगवाल्याकडून लावून घ्या, ती बी स्टँड काढून.

आता सीट

शोरूममध्ये अंगठ्यानं दाबून सीट पाहतात लोक, मऊ लागली की खूश. मऊ फोम अर्ध्या तासात बसतो आणि मंग खालचं प्लास्टिकचं पान बुडाला लागते. मुठीनं पूर्ण जोर लावून दाबा, तळ लागला तर ती सीट शेगावपर्यंत काही तुम्हाला सुखानं नेत नाही. थोडी कडक सीट पहिल्या दिवशी कडक वाटते न लांबच्या रस्त्याला तीच बरी पडते.

मागे घरचं माणूस बसणार असेल तर सपाट, लांब, एकसंध सीट. दोन तुकड्यांची स्प्लिट सीट दिसायला भारी, पण मागची उंच न उतरती असली की ब्रेक मारला की मागचा माणूस तुमच्या पाठीवर येतो, साडीवाल्या बाईला बसायला रुंदी बी पुरत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याच्यावर पाय टाकून चढणं म्हणजे कसरत. गाडी अजून घ्यायचीच असेल तर म्हातारीलाच शोरूममध्ये नेऊन बसवून पाहा.

उंची दुसरी गोष्ट. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर आहे, इतरांच्या थोड्या वर. त्यावर कोणी दोन इंचाचा फोम टाकून दिला की साडेपाच फुटाच्या आतल्या माणसाचे पाय टाचेवर टेकत नाहीत, आणि मागे ओझं असताना नुसते चवडे टेकले तर गाडी सांभाळत नाही. फोम वाढवायचा असेल तर पुढे मांड्यांच्या जागी बारीक ठेवायला सांगा, मागे वाढवा. सीटवाल्याला जुना फोम फेकू नका म्हणावं, त्याच्यावरच थर चिकटवायचा. वर शिलाईचं डिझाइन, डायमंड न काय काय, करून मागू नका. जितकी शिलाई वर तितकी भोकं, तितकं पाणी आत, फोम पाणी पिऊन बसतो न दोन दिवसांनी ऊन निघाल्यावर बी पॅन्ट ओली होते. शिलाई बाजूला, वर एकसंध रेग्झिन.

ऊन. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते आपल्याकडे, काळं रेग्झिन उन्हात उभ्या गाडीवर हात लावू देत नाही. जाळीचं कव्हर, ज्याच्यातून हवा जाते, ते फेब्रुवारीत लावा न पाऊस लागला की काढून ठेवा, कारण तीच जाळी पाणी धरून ठेवते. जेल पॅडची जाहिरात खूप होऊन राहिली, पण उन्हात तापलं की ते लवकर थंड होत नाही, इकडे त्याचा उपयोग कमीच.

फवारणीचा पंप मागे सीटवर बांधत असाल तर त्याच्याखाली प्लास्टिकचा जाड कपडा टाका. १६ लिटरचा पंप झाकणातून थोडाफार गळतेच, ते औषध शिलाईतून फोममध्ये मुरते न दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर लेकरू बसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. औषधाच्या बाटल्या साइडच्या डिक्कीत, जेवणाचा डबा दुसरीकडे, एका पिशवीत कधीच नाही. रिकामा पंप घरी आणतानाही तसंच.

चार वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा न हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत, असा केंद्राचा नियम आहे. टाकीवर बसवू नका, सीट कितीही मऊ असू द्या.

ओझं लादायच्या आधी

मागच्या शॉकअपला खाली खाचांचं कडं असते, बऱ्याच गाड्यांत पाच खाचा. एकटे असताना खालच्या, ओझं असताना वरच्या. कडं फिरवायचा हुकसारखा पाना टूलकिटमध्ये असते, दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर ठेवा. टायरच्या हवेचे दोन आकडे स्टिकरवर लिहून असतात, एकटं न डबलसीट, ओझ्याला डबलसीटवाला आकडा धरा. पंक्चरवाला विचारत नाही, तो अंदाजानं भरतो, तुम्ही आकडा सांगा.

बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी हुकवाल्या इलास्टिक दोरीपेक्षा चांगली, ती घसरत नाही, आणि हुक सुटून डोळ्यावर येण्याचा धोका नाही. दोरीचं शेपूट लोंबू देऊ नका, चेनमध्ये गेलं की चाक जाम. मागे बसणारीचा पदर न ओढणी बी निघायच्या आधी पाहून घ्या.

सामानानं मागचा लाइट थोडा बी झाकत असेल तर कॅरिअरच्या मागच्या पाइपाला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, सोयाबीनच्या हंगामात रात्री रस्त्यानं ट्रॅक्टर किती राहतात माहीत आहे.

कॅरिअर बसवल्यावर आठ दिवसांनी सगळे बोल्ट एकदा आवळा, नवीन रंगाचा थर दबते न बोल्ट ढिले होतात, मंग दर सर्विसिंगला. बिल जपून ठेवा आणि विमा रिन्यू करताना कॅरिअर पॉलिसीत लिहून घ्या, लिहिलेलं नसलं तर अपघातात त्याचे पैसे धरत नाहीत. दिवाळीच्या सुमारास पावसाळ्याचा चिखल धुवून निघाला की एकदा कॅरिअर उतरवा, जिथे रंग उडाला तिथे घासून रेड ऑक्साइडचा हात मारा न परत चढवा.